गांजाच्या कायदेशीर विक्रीतून राज्याला खरंच किती कर मिळतो? (पेनसिल्व्हेनियातून प्रश्न)

पिट्सबर्गकर:

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशांचा आहे, गांजा चांगला की वाईट हा नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण मागच्या वेळी याच विषयावरचा धागा तिसऱ्या प्रतिसादातच भरकटला होता.

आमचे गव्हर्नर जॉश शपिरो दर फेब्रुवारीत बजेट मांडतात आणि त्यात प्रौढांना गांजा विकायला परवानगी देऊन येणारं उत्पन्न धरलेलं असतं. विधिमंडळ ते मंजूर करत नाही. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच. २०२५-२६ च्या प्रस्तावात २० टक्के कर आणि पहिल्याच वर्षी पन्नास कोटी डॉलरच्या वर जमा, असा हिशेब होता. ते बजेट रखडत रखडत नोव्हेंबरात मंजूर झालं, ते याच्याशिवायच. दरम्यान शेजारची राज्यं एकेक करत सुरू झाली: न्यूजर्सी, न्यूयॉर्क, मेरीलँड, ओहायो, २०२५ मध्ये डेलावेअरसुद्धा. माझ्या घरापासून ओहायोची हद्द तासाभराच्या आत आहे, आणि शनिवारी तिकडून परतणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेट कुठल्या असतात ते सांगायला नको.

मुलीच्या शाळेमुळे मी स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, बैठकांना जातो. तिथे एक गृहस्थ दर वेळी उठून म्हणतात, "कोलोरॅडोत बघा, शाळा गांजावर चालतात. आपण मात्र प्रॉपर्टी टॅक्स वाढवत बसलोय." त्यांना उत्तर द्यावं एवढी माहिती माझ्याकडे नाही. म्हणून विचारतो:

हे उत्पन्न टिकतं का, की पहिली काही वर्षं चढतं आणि मग बसतं? शाळांना खरंच मिळतं का? आणि "दारूपेक्षा जास्त कर गांजातून" अशा बातम्या येतात, त्यात किती तथ्य आहे?

ज्या राज्यांत हे बरीच वर्षं चालू आहे तिथल्या लोकांनी लिहिलं तर बरं होईल.


ओंकार_एव्हरेट:

वॉशिंग्टन राज्यातून. आमच्याकडे २०१२ साली मतदान झालं, दुकानं जुलै २०१४ मध्ये उघडली. सुरुवातीला कर तीन टप्प्यांवर होता: पिकवणाऱ्याने विकताना २५ टक्के, प्रक्रिया करणाऱ्याने विकताना २५, दुकानदाराने विकताना पुन्हा २५. करावर कर चढत जायचा आणि हिशेबाचा पार चुथडा व्हायचा. जुलै २०१५ पासून ते सगळं काढून दुकानात एकदाच ३७ टक्के केलं. वर नेहमीचा सेल्स टॅक्स. देशातल्या सगळ्यात चढ्या दरांपैकी हा एक.

तरी वसुली होते. अलीकडच्या वर्षांत राज्याला साधारण पन्नास कोटी डॉलर किंवा थोडे कमी-जास्त मिळतात आणि त्यातला मोठा वाटा गरिबांच्या आरोग्यसेवेकडे जातो. त्यामुळे "चढा कर लावला की सगळे काळ्या बाजारात जातात" हे सरसकट खरं नाही. दुकान जवळ असेल, माल तपासलेला असेल तर लोक देतात.

पण सीमेवर मात्र मार खाल्ला. ऑक्टोबर २०१५ मध्ये ओरेगॉनने विक्री सुरू केली. तिथे राज्याचा कर १७ टक्के, गावाचा फार तर ३, आणि सेल्स टॅक्स मुळात नाहीच. पोर्टलंडचे लोक तोवर पूल ओलांडून आमच्या राज्यातल्या व्हँकूव्हरला (कॅनडातलं नव्हे) येत होते, ते थांबले आणि तिथल्या दुकानांची विक्री एकदम खाली आली. तुमच्या राज्याच्या बाबतीत हे चित्र आज उलटं आहे, म्हणजे पैसा बाहेर जातोय. तुम्ही सुरू केलंत तर त्यातला काही परत येईल. पण ओहायोचा कर १० टक्के असताना तुम्ही २० लावणार असाल तर सगळा येणार नाही.


खतावणी:

मी डेन्वरच्या उपनगरात राहते आणि बुककीपिंग करते. ग्राहकांमध्ये एक बेकरी आहे, दोन दंतवैद्य आहेत आणि गांजाची काही दुकानं आहेत. दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत त्यांचा सेल्स टॅक्स भरायचा असतो, त्यामुळे १५ तारखेनंतर मला फोन करू नये हे माझ्या आईलाही माहीत आहे. तेव्हा मी जे लिहितेय ते कराच्या या टोकाकडून, जिथून तो निघतो.

आधी आकडे. कोलोरॅडोत दुकानं १ जानेवारी २०१४ ला उघडली. त्या वर्षी राज्याला कर आणि फी मिळून ६ कोटी ७६ लाख डॉलर मिळाले. २०१९ मध्ये ३० कोटी पार झाले. २०२१ मध्ये ४२ कोटी ३५ लाख. तिथे शिखर. २०२२ मध्ये साडेबत्तीस कोटी, २०२३ मध्ये साडेसत्तावीसच्या आसपास, २०२४ मध्ये पंचवीस कोटींच्या थोडं वर. म्हणजे तीन वर्षांत सुमारे चाळीस टक्के घट. याच काळात दुकानं बंद पडून रस्ते ओस पडले असं काही झालं नाही. लोक घेत आहेत, फक्त माल स्वस्त झाला.

पिट्सबर्गकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. हा कर किमतीवर आहे, आणि ही किंमत उतरायलाच बसलेली असते. बेकायदा असताना किमतीत पकडलं जाण्याची जोखीम मोजलेली होती. कायदेशीर झाल्यावर ती जोखीम गेली, मोठमोठी ग्रीनहाऊसं आली, लायसनं वाढली. आमच्याकडे महसूल खातं दर तिमाहीला घाऊक मालाचा सरासरी बाजारभाव जाहीर करतं. मालक स्वतःच्या शेतातून स्वतःच्याच दुकानात माल आणतो तेव्हा खरी किंमत अशी नसतेच, म्हणून त्या जाहीर भावावर १५ टक्के एक्साइज, म्हणजे या मालावरचा खास कर, मोजायचा. २०२१ च्या पूर्वार्धात फुलांचा भाव पौंडाला दीड हजार डॉलरच्या वर होता. दोन वर्षांत तो सातशेच्या घरात आला. माझा एक ग्राहक तेवढेच पौंड पिकवत होता, तेवढाच वीजबिलाला वैतागत होता आणि निम्म्याहून कमी एक्साइज भरत होता. राज्याने एक पैशाचीही सूट दिलेली नव्हती.

२०२०-२१ चा फुगवटा तर वेगळाच. मार्च २०२० मध्ये डेन्वरच्या महापौरांनी कोरोनामुळे घरी बसण्याचा आदेश काढला, त्यात दारूची आणि गांजाची दुकानं बंद धरली होती. बातमी फुटल्याबरोबर अशा रांगा लागल्या की काही तासांत आदेश बदलावा लागला. पुढे सव्वा वर्ष लोक घरी, हातात सरकारी चेक, सिनेमा-प्रवास बंद. राज्यभरात २०२१ साली सुमारे २२० कोटी डॉलरची विक्री झाली. ज्यांनी त्या वर्षाचा आकडा घेऊन पुढची रेघ वर ओढली ते आज कात्री घेऊन बसले आहेत.

आणि शेजारी. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोने विक्री सुरू केली. आमच्या दक्षिण टोकाला ट्रिनिडाड नावाचं जेमतेम आठ-नऊ हजार वस्तीचं गाव आहे. तिथे वस्तीच्या मानाने हास्यास्पद वाटावीत इतकी दुकानं होती, कारण गिऱ्हाईक न्यू मेक्सिको आणि टेक्ससचं. त्या गावाच्या तिजोरीची काय अवस्था झाली ते ओंकारने वर लिहिलंच आहे, फक्त नदीच्या जागी डोंगराची खिंड घाला.

आता तुमचे ते बैठकीतले गृहस्थ. कोलोरॅडोच्या शाळा गांजावर चालत नाहीत. २०१२ च्या घटनादुरुस्तीत, म्हणजे अमेंडमेंट ६४ मध्ये लिहिलं होतं की एक्साइजमधले वर्षाचे पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या बांधकामाला द्यायचे. बांधकामाला! छप्पर, बॉयलर, जुन्या इमारतीतलं ॲस्बेस्टॉस काढणं, अशा कामांना. त्यातून शिक्षकाचा पगार निघत नाही. शिवाय हे पैसे अनुदान म्हणून वाटले जातात, डिस्ट्रिक्टने अर्ज करायचा आणि बहुधा स्वतःचाही वाटा घालायचा. खेड्यातल्या काही शाळांना त्यातून खरोखर नवी इमारत मिळाली, ते मी नाकारत नाही. पण राज्याचा शाळांवरचा वर्षाचा खर्च अब्जांत आहे. इथले शिक्षक वर्षानुवर्षं सांगून दमले की "गांजाचा पैसा" त्यांच्या वर्गापर्यंत येत नाही, आणि तरी शाळेसाठी कर वाढवायचा प्रस्ताव आला की कुणीतरी उठून म्हणतंच, "तुम्हाला तो गांजाचा पैसा मिळतो ना?" मला विचाराल तर शाळांना या पैशाने दिलं त्यापेक्षा या गैरसमजाने जास्त नेलं.

प्रमाण लक्षात ठेवा. राज्याचं एकूण बजेट ४००० कोटी डॉलरच्या आसपास. भरभराटीच्या वर्षातसुद्धा गांजाचा वाटा टक्का-सव्वा टक्का. आज टक्काही नाही. पगारदार घरात दिवाळीला मिळणारा बोनस असतो तसा हा पैसा आहे: हवाहवासा, पण त्यावर घरभाडं ठरवू नये.

कर कसा बसतो ते थोडक्यात, कारण यातले तपशील बातम्यांत येत नाहीत. शेतातून माल पहिल्यांदा हलला की १५ टक्के एक्साइज. दुकानात गिऱ्हाइकाकडून १५ टक्के खास सेल्स टॅक्स. हा २०१७ पर्यंत १० होता, तेव्हा तो वाढवला आणि बदल्यात राज्याचा नेहमीचा २.९ टक्के काढला. त्या १५ मधला काही भाग दुकान ज्या गावात आहे त्याला परत जातो. वर गावाचा स्वतःचा कर. डेन्वर शहर त्यांच्या नेहमीच्या विक्रीकराशिवाय गांजावर साडेपाच टक्के जादा घेतं. वैद्यकीय कार्ड असेल तर राज्याचा फक्त २.९. म्हणून सुरुवातीच्या काळात पाठदुखीचे पेशंट भलतेच होते.

त्या २०१७ च्या बदलाची एक गंमत. कायद्याचा मसुदा लिहिताना एक ओळ अशी पडली की डेन्वरच्या बस-रेल्वे संस्थेचा गांजावरचा विक्रीकरही त्यातच उडाला. महिन्याला लाखो डॉलर. कुणाचाही तसा इरादा नव्हता. गव्हर्नरांनी ऑक्टोबरात खास अधिवेशन बोलावलं, ते भांडणात वाहून गेलं, आणि दुरुस्ती २०१८ मध्ये झाली. तोवर बस गांजाच्या कराविना धावली.

दारूपेक्षा जास्त कर मिळतो ही बातमी खरी आहे. इलिनॉयमध्ये २०२१ च्या पहिल्या तीन महिन्यांत गांजातून सुमारे ८ कोटी ६० लाख आणि दारूतून ७ कोटी २० लाख आले, तेव्हा मोठे मथळे झाले. मॅसॅच्युसेट्समध्येही त्याच सुमारास असंच झालं. पण तुलना कुणाशी चाललीय ते बघा. दारूवरचा कर बहुतेक राज्यांत गॅलनवर असतो आणि वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावत नाही. कोलोरॅडोत बिअरवर राज्याचा एक्साइज गॅलनला ८ सेंट आहे. डॉलर नव्हे, सेंट. त्याला मागे टाकणं म्हणजे मोठा पराक्रम नाही. दारूचा कर किती हास्यास्पद आहे एवढंच त्यातून कळतं.

अजून एक बाजू, जी राज्याच्या आकड्यात दिसतच नाही. केंद्राच्या आयकर कायद्यात कलम २८०-ई आहे, १९८२ चं. त्याच्या आदल्या वर्षी मिनियापोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने धंद्याचा खर्च म्हणून वजावट मागितली आणि टॅक्स कोर्टाने ती बरीचशी मान्य केली. काँग्रेस खवळली आणि हे कलम आलं: केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीत सगळ्यात कडक अशा अनुसूची १ किंवा २ मधल्या पदार्थाचा धंदा असेल तर मालाची किंमत सोडून कुठलाही खर्च वजा नाही. उदाहरण घ्या. दुकानाची विक्री २० लाख, मालाची किंमत १० लाख, भाडं-पगार-सुरक्षारक्षक मिळून ८ लाख. खरा नफा २ लाख. कर मात्र १० लाखांवर, २१ टक्क्यांनी, म्हणजे २ लाख १० हजार. नफ्यापेक्षा कर जास्त. हे मी दुकानदाराला पहिल्यांदा समजावते तेव्हा त्याला वाटतं मीच काहीतरी घोळ घातलाय. कोलोरॅडोने स्वतःच्या आयकरात ही वजावट दिली आहे, पण केंद्राचं ओझं डोक्यावर ठेवून किती दुकानं तगतात यावर राज्याचा करही ठरतो. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा अनुसूची ३ मध्ये हलवायचा प्रस्ताव मांडला, त्यावर या धंद्यातल्या सगळ्यांचा जीव टांगलेला आहे तो याचसाठी. लोकांना व्यसन, तुरुंग वगैरे दिसतं; मला २८०-ई दिसतं.

खूप लिहिलं. गावांच्या पातळीवरचं कुणी विचारलं तर नंतर लिहीन.


जुने_खोंड:

ताई, आकडे उत्तम. पण खर्चाची बाजू कुठे आहे? गांजा पिऊन गाडी चालवणारे, इमर्जन्सीत येणारी पोरं, मनोविकाराचे पेशंट. एका हाताने २५ कोटी घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याहून जास्त घालवायचे, याला उत्पन्न म्हणतात का? आमच्या पिढीत याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणायचे, फक्त इथे कोहळा कोण काढतंय तेच कळत नाही. (धागाकर्त्याची माफी मागून. भरकटवायचा हेतू नाही.)


खतावणी:

काका, हेतू कळला. खर्च आहेच, तो एका रकान्यात बसत नाही एवढंच. इमर्जन्सीचं बिल विमा कंपनी भरते, काही मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा), काही घरचे. तिकडे पकडापकडी आणि खटले कमी झाले त्याची बचत पोलिसांच्या बजेटमध्ये वेगळी निघत नाही, कारण पोलीस दुसऱ्या कामाला लागले. त्यामुळे निव्वळ नफा-तोटा इतका असं छातीठोक सांगणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांवर मी विश्वास ठेवत नाही.

मात्र तुमच्या मुद्द्याला धरून एक सांगते. आमच्याकडे सेल्स टॅक्सचा मोठा भाग एका वेगळ्या निधीत जातो आणि तो बहुतांशी जमा झाल्याच्या पुढच्या वर्षी खर्च होतो. त्यातून शाळांमध्ये नर्स आणि समुपदेशक नेमायला अनुदान मिळतं, मुलांमध्ये वापर रोखायचे कार्यक्रम चालतात, व्यसनमुक्तीचे उपचार होतात. म्हणजे विक्री घटली की नेमकं याच कामांचं पैशावाचून अडतं. माणूस नेमलेला असतो, त्याचा पगार दर वर्षी वाढतो आणि निधी आटतो. हा दोष गांजाचा नाही, आखणीचा आहे.

ओरेगॉनने तर दुसरंच केलं. तिथे आधी ४० टक्के शाळांना आणि उरलेलं मानसिक आरोग्य, पोलीस, शहरं आणि काउंट्यांना असं ठरलेलं होतं. २०२० मध्ये मतदारांनी मेझर ११० नावाचा प्रस्ताव मंजूर केला आणि तिमाहीला सव्वा कोटीच्या आत एक रक्कम ठरवून त्याच्या वरचा सगळा पैसा व्यसनाच्या उपचारांकडे वळवला. उद्देश तुमच्या मनासारखा, काका. पण शहरांनी आणि काउंट्यांनी जुन्या वाट्यावर माणसं नेमली होती, त्यांच्या हिशेबात एका रात्रीत भोक पडलं.


मिसिसागाचे_आप्पा:

कॅनडातून थोडंसं. आमच्याकडे १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर कायदेशीर. एक्साइज ग्रॅमला एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल ते. वसुलीतला ७५ टक्के वाटा प्रांतांना आणि २५ केंद्राला.

ठरवताना समजूत अशी होती की ग्रॅमचा भाव दहा डॉलरच्या आसपास राहील, म्हणजे एक डॉलर आणि दहा टक्के सारखेच. भाव कोसळला. घाऊक तीन-चार डॉलरच्या मालावरही एक डॉलर देणं भाग. सरकारचं उत्पन्न त्यामुळे किमतीबरोबर घसरलं नाही, हे खरं. पण उत्पादकांनी कर थकवला, कोट्यवधी डॉलरची येणी साचली, कित्येक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. म्हणजे कागदावर जमा, हातात नाही.

तेव्हा वजनावर कर लावा हा सल्ला कुणी दिला तर हे उदाहरण समोर ठेवा.


पिट्सबर्गकर:

अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं, सगळ्यांचे आभार. खतावणीताई, गावांचं लिहा म्हणालात, तर विचारतोच. आणि दुसरं: किमतीवर लावला तर उत्पन्न घसरतं, वजनावर लावला तर धंदा मरतो. मग लावायचा तरी कशावर?


खतावणी:

कशावर लावायचा याचं तयार उत्तर कुणाकडेच नाही, म्हणून प्रत्येक राज्य वेगळं काहीतरी करून बघतंय. कॅलिफोर्नियाने दोन्ही लावून बघितले. जानेवारी २०१८ पासून दुकानात १५ टक्के आणि शेतकऱ्यावर औंसाला सव्वानऊ डॉलर. महागाईनुसार तो वाढत २०२२ मध्ये १० डॉलर ८ सेंट झाला. पौंडाला धरलं तर १६१ डॉलर. त्याच सुमारास तिथला घाऊक भाव पौंडाला काहीशे डॉलरवर आला होता. हम्बोल्टचे छोटे शेतकरी ओरडत होते, बेकायदा पिकवणारा शेजारी हसत होता. जुलै २०२२ मध्ये शेतावरचा कर काढला, पण अट घातली की तूट भरून काढायला पुढे एक्साइज वाढवता येईल. त्याप्रमाणे १ जुलै २०२५ ला तो १९ टक्के झाला. तीन महिन्यांत दुकानदारांनी इतका हलकल्लोळ केला की १ ऑक्टोबरला परत १५. बिलाच्या मशीनमधले दर बदलणाऱ्या माणसाची मला दया येते.

इलिनॉय नशेच्या जोरावर कर लावतं: टीएचसी (नशा आणणारा घटक) ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर १०, त्याच्या वर २५, आणि खायच्या वगैरे पदार्थांवर २०. मला ही कल्पना सगळ्यात पटते, कारण काकांच्या मुद्द्यालाही त्यात जागा आहे. पण बॉर्डरवर मिझुरी बसली आहे, फेब्रुवारी २०२३ पासून, ६ टक्के घेऊन. मिशिगनने सुरुवात १० टक्क्यांनी केली, माल देशात सगळ्यात स्वस्त झाला, विक्री तुफान. आता रस्त्यांना पैसा कमी पडतोय म्हणून १ जानेवारी २०२६ पासून घाऊकवर २४ टक्के नवा कर चढवला. स्वस्ताईवर उभा असलेला बाजार हे कसं पचवतो ते माझ्यासारखे सगळे डोळ्यांत तेल घालून बघतायत.

गावांचं असं की इथे प्रत्येक गाव आपापलं ठरवतं. कोलोरॅडो स्प्रिंग्ज, राज्यातलं दुसरं मोठं शहर, त्यांनी प्रौढांसाठीची विक्री वर्षानुवर्षं नाकारली. फक्त वैद्यकीय चालू. शेजारी मॅनिटू स्प्रिंग्ज नावाचं चिमुकलं गाव, तिथे दोन दुकानं. एवढ्या मोठ्या शहराचं गिऱ्हाईक त्या दोन दुकानांत, आणि कर मॅनिटूला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्प्रिंग्जच्या मतदारांनी शेवटी होकार दिला, २०२५ च्या एप्रिलमध्ये विक्री सुरू झाली. मॅनिटूच्या खजिनदाराचं पुढचं बजेट मला वाचायचं आहे.

ज्यांनी हा पैसा शहाणपणाने वापरला तेही आहेत. ऑरोराने त्यातून एक रिक्रिएशन सेंटर बांधलं. इमारत एकदा उभी राहिली की कर घटला म्हणून पडत नाही. प्वेब्लो काउंटी पिकवणाऱ्यांवरच्या स्थानिक एक्साइजमधून तिथल्या मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती देते. वर्ष चांगलं गेलं की जास्त, वाईट गेलं की कमी; कुणाचा पगार त्याला बांधलेला नाही.

आणि तुमच्या गव्हर्नरांच्या आकड्याबद्दल. पहिल्या वर्षाच्या त्या पन्नास कोटींत बहुतेक भाग लायसन फीचा आहे, विक्रीवरच्या कराचा नाही. फी एकदा येते. पुढच्या बैठकीत त्या गृहस्थांना एवढंच विचारा: फी वजा केल्यावर दुसऱ्या वर्षी किती धरलेत, पौंडाला काय भाव धरून, आणि हा पैसा जमा झाला त्याच वर्षी खर्चायचा की पुढच्या? तिसऱ्या प्रश्नावर ते बहुधा खाली बसतील. नाही बसले तर आमच्या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर २०१४ पासूनचा महिन्यामहिन्याचा तक्ता आहे, तो छापून न्या. आलेखापेक्षा तक्ताच न्या. शिखराच्या पुढचे महिने त्यांना बोटाने वाचू द्या.

आज १८ तारीख आहे, मी निघते.